भिंतीला तुंबड्या

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण आपण कुणाची तरी खिल्ली उडवायला वापरतो. (म्हणीत न्हाव्यालाच का धरलं, हा वेगळा आणि लांबचा विषय.) तुंबडी लावणं म्हणजे पोकळ शिंगाने अंगातलं 'दूषित' रक्त ओढून काढणं. त्याला हात सरावलेला लागतो. म्हणजे म्हणीतला माणूस अडाणी नाही, आळशी तर अजिबात नाही. कसब आहे, अवजार आहे, वेळ आहे. फक्त रोगी नाही, आणि तेवढ्यावरून तो हास्यास्पद ठरतो. समोर गरज असलेलं कुणी नसताना केलेलं काम खरंच हास्यास्पद असतं का?

हा प्रश्न मला बाबांमुळे पडला. ते भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये 34 वर्षं टर्नर होते. 58 पूर्ण झाल्यावर शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले आणि दोन महिन्यांत आईसह राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. घरामागे पूर्वी गोठा होता, तिथे आता वर्कशॉप आहे. लिलावातून उचललेला जुना लेथ, वेल्डिंग सेट, ग्राइंडर, ड्रिल आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या कानशी. गेल्या सहा वर्षांत तिथून बाहेर पडलेल्या वस्तूंची यादी फार गमतीची आहे. झेल्याच्या रिंगा, पंपाची बुशिंगं, नारळ सोलायचं यंत्र (बाजारात याहून बरं आणि स्वस्त मिळतं), फाटकाची चार डिझाइनं. त्यातलं एक फाटक प्रत्यक्षात बसलं. त्याच्या बिजागरीची पिन त्यांनी व्हर्नियर लावून 0.02 मिलिमीटरपर्यंत मोजली होती. फाटकातून ये-जा करतात शेजाऱ्यांच्या गाई.

रिटायरमेंट ही तशी नवी गोष्ट आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1889 साली, म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा आला तेव्हा वयाची अट 70 होती; ती 65 वर आली 1916 मध्ये. शेतकरी असा कुठल्या तारखेला निवृत्त होत नाही. हात चालेनासे झाले की तो बांधावर बसून दुसऱ्यांना सूचना द्यायला लागतो, एवढंच. एका ठरावीक सकाळपासून 'तुमचं काम संपलं' असं धडधाकट माणसाला सांगायची पद्धत कारखान्याची आणि सरकारी दफ्तराची. मग त्या सकाळपासून स्वतःची किंमत कशी सिद्ध करायची, हा प्रश्नही तिथूनच आला.

डेव्हिड एकर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1986 साली यावर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की नोकरीतली कष्टाची नीती निवृत्तीनंतर संपत नाही, ती 'बिझी असण्याची नीती' होते. निवृत्त माणूस खरोखर किती काम करतो यापेक्षा तो कामात आहे असं त्याला आणि इतरांना म्हणता येणं महत्त्वाचं असतं. आपल्याकडे लग्नात भेटलेला प्रत्येक काका 'मग, सध्या काय चाललंय?' विचारतो तेव्हा हेच तपासत असतो. 'काही नाही, मजेत' हे उत्तर चालत नाही. 'वेळच पुरत नाही हो' हे चालतं.

एवढ्यावरून बाबांचं वर्कशॉप म्हणजे दिखावा, असं मला म्हणता येत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी कामं तिकिटांच्या रूपात येतात, तिकीट बंद झालं की काम संपलं. आमच्या टीममधली निम्मी पोरं पंचेचाळिशीत रिटायर व्हायचे आकडे एक्सेलमध्ये मांडतात आणि मुळशीत जमीन घ्यायच्या गप्पा मारतात. (महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, हे त्यांना ब्रोकर सांगतो.) त्यांच्या स्वप्नात फार्महाऊस तयार असतं. ते बांधतानाचं, गळणारं, वाळवी लागलेलं घर त्यात नसतं.

अॅरिस्टॉटलने क्रियांमध्ये एक फरक केला आहे. घर बांधणं ही क्रिया घर पूर्ण होताच संपते. बांधत असताना तुम्ही 'बांधलं' असं म्हणू शकत नाही. पाहण्याचं तसं नाही. पाहत असतानाच तुम्ही पाहिलेलंही असतं, त्या क्रियेचं सगळं तिच्यातच असतं. पहिल्या जातीचं काम स्वतःच्याच मुळावर उठलेलं असतं. यशस्वी झालं की ते आयुष्यातून जातं आणि नवं शोधावं लागतं. तिकिटांचं जगणं तेच. मला बाबांची चार फाटकं आधी याच जातीची वाटायची. पण गावातली जमीन हा प्रकार वेगळा निघाला. दर पावसाळ्यात गडगा कुठेतरी ढासळतो. फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो. खाऱ्या हवेने पत्रे गंजतात. तिथे 'झालं' असा शब्दच नाही. आणि लेथवर उभ्या असलेल्या बाबांना पाहिलं की कळतं, ते वस्तू संपवायच्या घाईत नसतात. पोलाद हट्टी असतं, कुणाच्या वयाकडे किंवा हुद्द्याकडे बघत नाही. कट जास्त घेतला तर पीस वाया. निवृत्त माणसाला सगळे 'वा, छान' म्हणत असताना कुणीतरी तोंडावर 'नाही' म्हणणारं असणं ही चैन आहे. इथवर मी पूर्णपणे न्हाव्याच्या बाजूचा.

अडचण पुढे आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थाची वेळ सांगितली आहे: सुरकुत्या पडल्या, केस पिकले, नातू झाला, की वनात जावं. लगेच पुढच्या श्लोकात बायकोचं काय करायचं तेही आहे. तिला मुलांकडे सोपवावं किंवा बरोबर न्यावं. तिची वेळ कधी होते, याचा उल्लेख नाही. माझी आई हे वाचलेली नाही, पण गावी गेल्यावर पहिल्याच दिवाळीत ती मला म्हणाली, "तुझे बाबा रिटायर झाले, माझी नुसती बदली झाली." बदली पण कठीण ठाण्याला. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये फिल्टर होता, गॅस पाइपने यायचा. इथे टाकीच्या पाण्याला तिच्या मते चव नाही, म्हणून प्यायचं पाणी विहिरीवरून शेंदून आणायचं. बाबांच्या वर्कशॉपात दोन वेळा चहा जातो. रोगी नाही म्हणून भिंतीला तुंबड्या लावणाऱ्याने आधी घरात डोकावायला हवं होतं. तिथे गुडघे धरून एक माणूस बसलेलं होतं.

मागच्या मे महिन्यात शेडचे पत्रे बदलताना बाबा शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं. मी पुण्याहून फोनवर सुनावलं, की आता हे सगळं बंद. ते म्हणाले, "बरं. मग काय करू?" यात टोमणा नव्हता. मला उत्तर देता आलं नाही. त्यांना पुण्याला आणून गॅलरीत बसवलं असतं तर ते सुरक्षित राहिले असते, आणि तेवढंच. आपल्या काळजीपोटी दुसऱ्याच्या दिवसातून धोका काढून घ्यायचा हक्क आपल्याला कितपत आहे, याबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. शिडीपुरतं झालं: वर चढायला आता वाडीतला एक मुलगा येतो, मजुरी घेतो, बाबा खालून चुका काढतात.

प्लास्टरमध्ये सहा आठवडे ते पडवीत बसून होते. हात रिकामा, डोळे उघडे. तिसऱ्या आठवड्यात डाव्या हाताने वहीत आकडे लिहायला लागले: आई दिवसातून किती वेळा विहिरीवर जाते, किती वेळा वाकते, कळशी कुठे टेकवते. कारखान्यात असा टाइम स्टडी व्हायचा. आईने दोन दिवस बघितलं आणि म्हणाली, "अहो, मोजत बसू नका. बऱ्या हाताने एक कळशी आणा."

ते आणायला लागले. प्लास्टर निघाल्यावर दोन आणतात. शिवाय तिच्यासाठी लेथवर चाकं करून एक ढकलगाडीही बनवली. अंगणातल्या जांभ्यात ती अडकते, त्यामुळे आई तिच्यावर आमसुलं वाळत घालते. मोठ्या चाकांचं दुसरं मॉडेल सध्या चालू आहे.