बाजारात उतरण्यापूर्वी शब्द समजून घ्या



प्रिय वाचकहो, महागावात गेल्या हंगामात एके दिवशी इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. सोयाबीन विकून आलेले सत्तर हजार रुपये वडिलांनी पीककर्ज फेडण्यासाठी त्याच्या खात्यावर ठेवले होते. मोबाइलवर ‘ऑप्शन’चे सौदे करून अकरा दिवसांत त्याने ते घालवले होते आणि घरी अजून सांगितले नव्हते. मी म्हणालो, ‘‘अरे, मागच्याच जुम्याला शेअर बाजार हराम असल्याचे मी सांगितले होते ना?’’ तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘मौलाना, तुम्ही सगळा बाजारच हराम म्हणालात. माझे मामा दहा वर्षांपासून एका कंपनीचे शेअर बाळगून आहेत आणि ते पाच वेळचे नमाजी आहेत. मला वाटले, ते करतात तेच मी करतो आहे.’’

या उत्तराने मी निरुत्तर झालो. मामाचा व्यवहार आणि भाच्याचा व्यवहार यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. परंतु तो फरक दाखविणारे शब्द ना त्याच्याजवळ होते, ना मिंबरवर उभ्या असलेल्या माझ्याजवळ. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी तिर्मिजीत नोंद आहे की, ज्याला धर्माची समज नाही त्याने आमच्या बाजारात विक्री करू नये, अशी ताकीद त्यांनी दिली होती. या ताकिदीची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. ज्याला बाजाराची समज नाही, त्याने बाजाराविषयी फतवेवजा बोलू नये. म्हणून मी पुढचे काही महिने हे शब्द शिकण्यात घालवले. त्यांतील आवश्यक तेवढे आपल्यापुढे मांडतो.

पवित्र कुरआनने व्यापार वैध ठरविला आहे आणि व्याज निषिद्ध (सूरह अल्-बकरा, 275). जुगारही निषिद्ध आहे (सूरह अल्-माइदा, 90). तेव्हा कोणताही नवा शब्द कानी आला की स्वतःला तीन प्रश्न विचारा. माझ्या हाती नेमके काय आले? बुडाले तर जबाबदारी कोणाची? आणि माझा नफा कोठून येणार आहे?

शेअर म्हणजे भागीदारी

समजा, दहा शेतकऱ्यांनी पैसे घालून जिनिंग उभारली. यंत्रे, इमारत, रुई, सरकी, येणे आणि देणे या सर्वांत प्रत्येकाचा दहावा हिस्सा. या हिश्श्यालाच शेअर म्हणतात. कंपनीचे एक लाख शेअर असतील आणि आपल्याकडे शंभर असतील, तर आपण हजाराव्या भागाचे मालक आहात. शेअरवर नोंदलेली मूळ रक्कम ही दर्शनी किंमत. आज घेणारा जो भाव देतो तो बाजारभाव. नफ्यातून वाटलेली रक्कम म्हणजे लाभांश. शेअर ज्या खात्यात जमा राहतात ते डिमॅट खाते. सेन्सेक्स 30 आणि निफ्टी 50 मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेले निर्देशांक आहेत. ते बाजाराचा कल सांगतात, आपल्या कंपनीची खुशाली नव्हे.

येथे तिन्ही प्रश्नांची उत्तरे सरळ आहेत. हाती मालकी आली, नुकसान सोसण्याची तयारी आली, नफा धंद्यातून येणार. फिकहचे सूत्रच आहे की लाभ त्याचा, ज्याच्या अंगावर जोखीम. म्हणून अनेक उलेमांनी अटींसह शेअर वैध मानला आहे. कंपनीचा धंदा मद्य, जुगार, व्याजी सावकारी यांचा नसावा. तिचे व्याजी कर्ज मर्यादेत असावे. ही मर्यादा साधारणतः एक तृतीयांशाच्या आसपास धरतात. व्याजाचे किरकोळ उत्पन्न आपल्या लाभांशात मिसळले असेल तर तेवढा भाग पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावा. या कसोट्या लावून निवडलेल्या कंपन्यांचे शरिया निर्देशांक मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी काढले आहेत. शेअरवर जकातही आहे. विकून नफा मिळविण्यासाठी घेतला असेल तर बाजारभावावर अडीच टक्के.

आपल्या शेतात बोंड फुटते. बाजारात बाँड विकतात. उच्चार जवळचा, वस्तू वेगळी. बाँड म्हणजे कर्जरोखा. त्यात आपण भागीदार नसून सावकार असतो आणि ठरलेले व्याज घेतो. म्हणून तो व्याजाच्या सदरात जातो. म्युच्युअल फंड ही अनेकांची रक्कम एकत्र करून गुंतवणारी व्यवस्था, तर एसआयपी ही दरमहा थोडी थोडी रक्कम घालण्याची केवळ पद्धत. या दोहोंचा हुकूम नावावरून ठरत नाही. फंडाच्या पोटात शेअर आहेत की कर्जरोखे, आणि कोणत्या कंपन्यांचे, यावर तो ठरतो.

हाती न आलेला माल

सकाळी 9.15 ला बाजार उघडतो, दुपारी 3.30 ला मिटतो. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणे म्हणजे इंट्राडे. आज घेतलेला शेअर आपल्या डिमॅट खात्यात कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी जमा होतो; म्हणजे इंट्राडेवाला जे विकतो ते त्याच्या खात्यात आलेलेच नसते. शॉर्ट सेलमध्ये तर आधी विकायचे आणि भाव पडल्यावर घ्यायचे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) विचारले होते की, गिऱ्हाईक माझ्याजवळ नसलेला माल मागते, तो मी विकून मग बाजारातून आणून देऊ का? प्रेषितांनी (स.) त्यांना जवळ नसलेली वस्तू विकण्यास मनाई केली. आपल्याकडील अनेक मुफ्तींनी याच आधारावर इंट्राडे व शॉर्ट सेल नाकारले आहेत. दलालाने व्याजावर पैसे देऊन मोठा सौदा करू दिला, तर त्यात व्याजाचीही भर पडते.

फ्युचर आणि ऑप्शन

पुढील तारखेला ठरल्या भावाने घेण्या-देण्याचा आजचा करार म्हणजे फ्युचर. आज ना पूर्ण किंमत दिली जाते, ना माल. केवळ अनामत म्हणून मार्जिन भरतात आणि बहुतेक सौदे फरकाची रक्कम देऊन मिटतात. ऑप्शनमध्ये वस्तूही विकत घेत नाही. ठरल्या भावाने घेण्याचा हक्क (कॉल) किंवा विकण्याचा हक्क (पुट) विकत घेतो. त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम. मुदत संपेपर्यंत भाव अपेक्षेप्रमाणे हलला नाही तर प्रीमियम बुडाले. कोणी म्हणेल, शेतीच्या सौद्यात आपण इसार देतोच की! पण इसार जमिनीच्या किमतीत धरला जातो आणि समोर जमीन असते. प्रीमियम कोणत्याही किमतीत धरले जात नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1992 साली जेद्दा येथे ठराव केला की, ऑप्शनमध्ये विकली जाणारी गोष्ट ना माल आहे, ना उपभोग. तो करार वैध नाही.

शेतकऱ्याला पुढच्या भावाची हमी नको का, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी शरियतने ‘सलम’ दिला आहे. मदीनेत लोक फळांसाठी आगाऊ पैसे देत, प्रेषितांनी (स.) ते बंद केले नाही, माप, वजन आणि मुदत निश्चित करण्याची अट घातली. किंमत मात्र करारावेळी पूर्ण द्यायची. त्या पैशाने शेतकरी बियाणे आणतो. भावाच्या फरकावर लावलेल्या पैशातून शेतात एक दाणाही पडत नाही.

कापसानेच शिकविलेला धडा

हा धोका नवा नाही. 1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरवर लोक तुटून पडले. 1 जुलै 1865 च्या मुदतीचे वायदे झाले. त्यापूर्वीच युद्ध संपले, कापूस कोसळला. मुदत आली तेव्हा घेणाऱ्याजवळ पैसे नव्हते. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा बादशहा आणि बँक ऑफ बॉम्बे दोघेही बुडाले. कापूस पिकविणारे हात वेगळे होते, भावावर पैज लावणारे वेगळे.

आजचे आकडे सेबीचे आहेत. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. खर्च वजा जाता एक लाखाहून अधिक कमावणारा शंभरात केवळ एक. येथे एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यातूनच येतो. तिसऱ्या प्रश्नाचे याहून स्पष्ट उत्तर कोणते?

वाचकहो, अॅप उघडण्यापूर्वी हे तीन प्रश्न कागदावर लिहा. उत्तर आले नाही तर सौदा करू नका आणि जाणत्या मुफ्तींना विचारा. विचारताना ‘शेअर बाजार’ असे मोघम न म्हणता व्यवहाराचे नेमके नाव सांगा. व्यवहार वैध असला तरी पीककर्जाचे, फीचे, दवाखान्याचे पैसे त्यात घालू नका. ती अमानत आहे. आणि जुम्याच्या अजाननंतर खरेदी-विक्री सोडून देण्याची आज्ञा मोबाइलवरील बाजारालाही लागू आहे. तो त्या वेळी उघडाच असतो.

तो तरुण दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन वडिलांकडे गेला. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, ‘‘मला आधी विचारायचे होतेस.’’ आता तो एका जिनिंगमध्ये काट्यावर काम करतो आणि दरमहा थोडे थोडे फेडतो. ते वाक्य मात्र मी माझ्यासाठीही जपून ठेवले आहे. त्याने विचारावे असे उत्तर माझ्याजवळ आधीच असायला हवे होते.

कयामतच्या दिवशी धन कोठून कमावले आणि कोठे खर्च केले, असे दोन्ही प्रश्न विचारले जातील. अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो, तिच्यात बरकत देवो आणि न समजलेल्या सौद्यापासून आपल्या लेकरांना वाचवो. आमीन.