वैतरणेचे दीड किलोमीटर

वाहतुकीतून किती कार्बन हवेत जातो, हे अंतर, वजन, वेग आणि इंधन यांवर ठरते. आगाशी-विरार भागात सध्या यांपैकी फक्त अंतराचा हिशेब मांडला जातो. वसई-भाईंदर रो-रो सेवा, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट, फेब्रुवारी 2024 मध्ये, तर वैतरणा खाडीवरची विरार-सफाळे सेवा एप्रिल 2025 मध्ये सुरू झाली. सफाळ्याचा रस्त्याने सुमारे साठ किलोमीटरचा वळसा पाण्यावरून दीडेक किलोमीटरवर आला, म्हणून तेवढे प्रदूषण टळले, असे सांगितले जाते.

या दाव्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेप दीडशे वर्षांहून जुना आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1865 मध्ये ‘द कोल क्वेश्चन’ लिहिले. इंजिने सुधारली की कोळसा कमी लागेल, हा त्या काळचा भरवसा त्याने मोडून काढला. स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा एक-तृतीयांशाहून खाली आला, पण 1830 ते 1863 या काळात एकूण कोळसा दहापट जळू लागला. बचतीने वस्तू स्वस्त झाली आणि स्वस्ताईने मागणी फुगली. जेव्हन्सचे हे निरीक्षण रस्त्यांना तर तंतोतंत लागू पडते: रस्ता रुंद केला की काही वर्षांत तो पुन्हा गाड्यांनी भरतो.

वैतरणेवर मात्र जेव्हन्स पुरा पडत नाही. साठाचे दीड होताना झालेली बचत बुडवायची, तर गाड्यांच्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढाव्या लागतील. खरा धोका वेगळा आहे. विरारपर्यंत विजेची लोकल 1936 मध्ये आली, 2013 पासून ती डहाणूपर्यंत धावते आणि वाटेत सफाळ्याला थांबते. वळसा घालणारा मोटारवाला बोटीत आला तर कार्बन घटतो. लोकलचा प्रवासी मोटार घेऊन बोटीत आला तर वाढतो. म्हणून किती गाड्या बोटीत चढल्या, यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्या गाड्या बोट नसती तर कुठून गेल्या असत्या, हे मोजले पाहिजे.

पाण्याचे सामर्थ्य या किनाऱ्याला नवे नाही. सोळाव्या शतकात आगाशी हे लाकडाच्या व्यापाराचे आणि जहाजबांधणीचे बंदर होते. पाण्यावर जड ओझे थोड्या शक्तीत सरकते, पण सावकाश. जहाजाचा वेग दुप्पट केला की लागणारी शक्ती सुमारे आठपट होते. रो-रोवर तर एका-दोघांसाठी टनभराहून अधिक लोखंड वाहिले जाते. पायी चढणारे, सायकली आणि एसटी यांना पहिला मान मिळाला, तरच पाण्याचा हा फायदा माणसांच्या पदरात पडेल.

इंधनाचे उत्तर खाडीत समुद्रापेक्षा सोपे आहे. महासागर ओलांडणाऱ्या मालवाहू जहाजाला पुरेल अशी बॅटरी आज नाही. खाडीतली बोट मात्र ठरलेल्या दोन जेट्ट्यांमध्येच फिरते आणि प्रत्येक टोकाला थांबते. नॉर्वेत ‘अ‍ॅम्पिअर’ ही विजेवरची मोटारवाहू फेरीबोट 2015 मध्येच याहून लांब पल्ल्यावर सुरू झाली. कोचीची वॉटर मेट्रो 2023 पासून बॅटरीच्या बोटी चालवते. दीड किलोमीटरसाठी डिझेल जाळायला आता तांत्रिक कारण उरलेले नाही. वैतरणेवरची पुढची बोट बॅटरीवरचीच घ्यावी आणि जेटीवर विजेची जोडणी त्याआधी पोहोचवावी.