जीर्णोद्धाराची नीती

जीर्ण वस्तूकडे पाहण्याच्या दोन वृत्ती आपल्या समाजात पूर्वापार चालत आल्या आहेत. एक म्हणते, जुने झाले, टाकून द्या. दुसरी म्हणते, जुने आहे, हात लावू नका. वरवर पाहता या वृत्ती परस्परविरोधी भासतात. परंतु किंचित विचार केल्यास दोहींच्या मुळाशी एकच आळस आहे असे आढळून येईल. टाकणाऱ्यास दुरुस्तीचे श्रम नकोत, आणि पूजा करणाऱ्यासही ते नकोत. या दोहोंमधील जो कष्टाचा मार्ग, त्यास आपल्या पूर्वजांनी जीर्णोद्धार हे नाव दिले. देवळांच्या संबंधात हा शब्द आपण नेहमी ऐकतो. त्यामागील नीतीचा विचार मात्र क्वचितच होतो. तो आज एका क्षुल्लक वाटणाऱ्या उदाहरणाच्या आधारे करण्याचा आमचा मानस आहे. ते उदाहरण म्हणजे जुन्या मोटारीच्या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या तारा.

या तारांचे कार्य थोडक्यात असे. मोटारीच्या बॅटरीतील विजेचा दाब अवघा सहा किंवा बारा व्होल्टांचा असतो. कॉइल नावाच्या साधनात तो वाढून पंधरा-वीस हजार व्होल्टांच्या घरात जातो. तेथून डिस्ट्रिब्यूटर प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीप्रमाणे वीज वाटून देतो, प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते आणि पेट्रोलची वाफ पेट घेते. एवढा दाब तारेत कोंडून धरण्याचे काम वरच्या आवरणाचे. जुन्या मोटारींत हे आवरण रबराचे असे, व पुष्कळदा त्यावर सुताची वीण असे. इंजिनाची धग, तेलाचे ओशटपण आणि विजेच्या दाबामुळेच हवेत निर्माण होणारा ओझोन वायू यांनी रबर कडक होऊन तडकते. त्यात वर्ध्यासारख्या जिल्ह्यातील वैशाखाचे ऊन! मग वीज ठरलेली वाट सोडून तड्यातून जवळच्या लोखंडाकडे झेप घेते, आणि गाडी झटके देऊ लागते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झाला. वर्धा जिल्ह्यातील या कुटुंबाकडे आजोबांनी घेतलेली एक मॉरिस मोटार आहे. वर्षभर ती कापडाखाली झाकलेली असते. लग्नकार्यात वधूवरांस आणण्यासाठी तेवढी बाहेर निघते. अशाच एका लग्नाच्या आधी ती अडू लागली. मिस्त्रीने रात्री दिवा मालवून, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, तो तारांवरून निळसर ठिणग्या उडताना सर्वांस दिसल्या. तो म्हणाला, “साहेब, ह्या वायरी पूर्ण गेल्या. टेप गुंडाळून देतो, पण त्याचा भरवसा मी नाही देत.” घरातील वडीलधारे गृहस्थ मात्र खिन्न झाले. त्यांचे म्हणणे असे की, या तारा बाबांच्या हातच्या आहेत. त्याच गेल्या तर गाडीत बाबांचे उरले काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भाग बदलत गेल्यावर मूळ वस्तू तीच राहते काय, हा तत्त्वज्ञांचा फार जुना वाद आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजावरून घातला. परंतु त्या वादात एक गोष्ट विसरली जाते. जहाजात माणसे बसलेली असतात. मोटारीत नवी नवरी बसणार आहे, आणि जेथे पेट्रोलची वाफ असते तेथे भरकटलेली ठिणगी ही केवळ तर्काची बाब उरत नाही. स्मृतीविषयी आपले कर्तव्य आहे खरे. परंतु जिवंत माणसांना धोक्यात घालून ते पार पाडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

कोणी म्हणेल, टेप गुंडाळून वेळ निभावली तर काय बिघडले? त्यास उत्तर मोटारीच्या इतिहासातच आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बर्था बेंझ या जर्मन स्त्रीने आपल्या पतीने बनविलेली मोटार मॅनहाइमहून फोर्ट्सहाइमपर्यंत नेली. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडे अधिक. वाटेत ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा तिने आपल्या पायमोज्याचा पट्टा तिच्याभोवती गुंडाळून पुढची मजल मारली, असे सांगतात. अडल्या वेळी अशी युक्ती सुचणे हा सद्गुणच होय. परंतु वाटेवरची युक्ती घरी पोचल्यावरही तशीच राहू देणे, हा सद्गुण नव्हे. आपल्याकडे कामचलाऊ दुरुस्तीचे जे कौतुक चालते, त्यात हा भेद नेमका पुसला जातो.

आता ‘हात लावू नका’ या पक्षाकडे वळू. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव येथे राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथील मातीची, बांबूची बापूकुटी पाहण्यास आजही दूरदूरचे लोक येतात. परंतु मातीचे घर नुसत्या आदराने टिकत नाही. त्याच्या भिंती लिंपाव्या लागतात, पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, वाळवी लागलेला बांबू काढून दुसरा घालावा लागतो. अशा घराचे टिकणे म्हणजे त्याचे सतत नवे होणे. उलट जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीची कथा पाहा. तिला बैल जोडण्यात आले, आणि इंग्रजीतील बैलाच्या शब्दावर कोटी होऊन तिला ‘ऑक्सफर्ड’ हे नाव मिळाले. येथे सांगाडा मोटारीचा राहिला, धर्म बैलगाडीचा आला. पण तो बदल सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला, त्यात फसवणूक नव्हती. टिकविणे असो वा पालटणे असो, त्याची खरी कसोटी उघडेपणा ही होय.

या कसोटीची आवश्यकता तारांच्या बाबतीत अधिकच आहे, कारण त्या झाकलेल्या असतात. जुन्या धाटणीची सुती वीण वर आणि आधुनिक आवरण आत, अशा तारा आज मिळतात. त्या बसविणे लबाडी आहे काय? आमच्या मते, जोवर घरच्यांस आणि उद्या गाडी विकत घेणाऱ्यास ते सांगितले जाते, तोवर मुळीच नाही. तसेच मिस्त्रीचेही आहे. तितक्याच शक्तीच्या कामास सहा व्होल्टांच्या गाडीत बाराच्या दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून बॅटरीकडून येणारी तार जाड हवी. तेथे बारीक तार घालून चार पैसे वाचविले तर पाहण्यास कोण जाणार? झाकलेल्या जागी केलेल्या कामास कर्त्याखेरीज साक्षीदार नसतो. म्हणूनच माणसाची नीती तेथे कळते. त्या कुटुंबाने अखेर तारा बदलल्या, जुन्या एका डब्यात ठेवल्या आणि कोणत्या वर्षी काय बदलले याची चिठ्ठी त्यावर चिकटवली. स्मृतीचा मान राहिला, आणि सत्याचाही.

हे उदाहरण मोटारीपुरतेच आहे असे आम्हांस वाटत नाही. प्रत्येक घरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या काही रीती असतात. त्यांच्या आत जिव्हाळ्याचे तांबे असते आणि वर त्या त्या काळाचे आवरण. तांबे सहसा झिजत नाही. त्याला कळंक चढतो, तो घासून काढता येतो. कडक होऊन तडकते ते आवरण, आणि आपण बहुधा त्यालाच परंपरा समजून कवटाळतो. मग घरात अकारण ठिणग्या उडू लागतात. सुनेस त्या लागतात, मुलांस लागतात, आणि दोष त्यांच्याच माथी येतो. अशा वेळी सगळीच तार तोडून फेकणारा घरात अंधार करतो. आवरणास हात न लावू देणारा एक दिवस आग लावतो. आतले काय आणि वरचे काय हे दिवा मालवून, धीराने पाहणे, गेलेले ते काढणे आणि काय काढले ते पुढच्या पिढीस मोकळेपणाने सांगणे, एवढे ज्यास साधले त्यास जीर्णोद्धार साधला असे आम्ही म्हणू.