इवल्या बंदुकीचा खरेपणा

गेल्या पुनरुत्थान सणानंतर धर्मग्रामातील घरे आशीर्वादित करीत फिरत असताना एका घरातल्या काचेच्या कपाटापाशी मी थबकलो. वरच्या कप्प्यात पवित्र मरियेची मूर्ती होती आणि खालच्या कप्प्यात बोटभर उंचीचे वीस-पंचवीस शिपाई. घरातला थोरला मुलगा जहाजावर नोकरीला असतो. परदेशी बंदरांतून तो प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची खोकी आणतो आणि सुटीत ते भाग जोडून रंगवीत बसतो. आई म्हणाली, "फादर, तुम्हीच सांगा ह्याला. माणसं मारायची हत्यारं, ती इतका जीव लावून रंगवायची, हे पाप नाही का?" मुलगा हसून म्हणाला, "फादर, आधी बघा तरी."

मी पाहिले आणि, खरे सांगायचे तर, हरखून गेलो. त्याच्या हातात दुसऱ्या महायुद्धातला एक शिपाई होता. पस्तीस पटींनी लहान केलेला, म्हणजे त्याची टॉमी गन जेमतेम अडीच सेंटिमीटरची. बंदुकीला सरळ चंदेरी रंग फासला तर ती खेळणे दिसते, असे त्याने मला समजावले. आधी निळसर झाक असलेला काळा रंग द्यायचा. तो सुकला की पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने कडांवर चोळायची. तीही सगळीकडे नाही. हाताळून हाताळून जिथला मुलामा उडतो तिथेच पोलाद उघडे पडते: नळीच्या तोंडाशी, चापाभोवतीच्या कडीवर, मॅगझिन बसते त्या खाचेपाशी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्यावर तपकिरी रंगाच्या दोन छटांत केसाएवढ्या रेघा ओढायच्या आणि गाल टेकतो तिथे थोडा गडद, तेलकट हात द्यायचा. खाकी कापडी पट्ट्यांवर पातळ केलेला काळपट रंग सोडला की तो आपसूक घड्यांत उतरतो. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवरून फिकी छटा फिरवायची. पितळी बकले मात्र मंदच ठेवायची. रणांगणावर ती कोण पुसत बसणार?

ह्या साऱ्या खटाटोपात एक सचोटी आहे, हे मान्य केले पाहिजे. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये शिशाचे सैनिक आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली. त्यामुळे ते स्वस्त झाले आणि पुष्कळ घरांत पोहोचले. त्यांचे गाल गुलाबी, गणवेश तकतकीत, तलवारी चांदीसारख्या. असल्याच शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तक एच. जी. वेल्स ह्यांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केले. चार डाव खेळून पाहणाऱ्याला खऱ्या युद्धातला गोंधळ आणि मूर्खपणा उमगेल, अशी त्यांना आशा होती. पुढच्याच वर्षी खरे युद्ध पेटले. त्या तकतकीत पलटणींशी खेळून मोठी झालेली किती मुले चिखलाच्या खंदकांत उतरली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो. चांदीसारखी तलवार हे एक गोड असत्य होते. त्या मानाने आमच्या ह्या तरुणाची घासलेली, मळलेली बंदूक अधिक प्रामाणिक आहे. कुणीतरी ती दिवसचे दिवस खांद्यावर वाहिली, पावसात भिजवली, एवढे तरी ती सांगते.

आईच्या प्रश्नाला संत थॉमस अक्विनस ह्यांचे उत्तर सरळ आहे. 'सुम्मा'मध्ये स्त्रियांच्या साजशृंगाराची चर्चा चालू असताना (हत्यारांचा विषय तिथे निघेल असे कुणाला वाटणार नाही!) ते कारागिरांकडे वळतात. ज्या वस्तूचा पापावाचून उपयोगच होत नाही ती घडविणारा दोषी ठरतो. परंतु तलवार, बाण ह्यांसारख्या वस्तूंचा उपयोग बराही होतो आणि वाईटही, म्हणून त्या घडविण्यात पाप नाही. खरी तलवार घडविणारा सुटतो, तर प्लॅस्टिकला रंग देणाऱ्याचे काय? शिवाय शिणलेल्या मनाला खेळाचा विसावा हवा, हेही संत थॉमस ह्यांनी त्याच ग्रंथात सांगून ठेवले आहे. मी म्हटले, "मावशी, पापनिवेदनात सांगावे असे ह्यात काही नाही."

परंतु धर्मगुरुनिवासात परतल्यावर ते उत्तर मला अपुरे वाटू लागले. घडवावे की घडवू नये, एवढेच संत थॉमस सांगतात. त्या माउलीचा शब्द होता 'जीव लावून'. खरेपणाच्या मागे लागलेला हा कुंचला एका जागी नेमका थांबतो. बंदुकीने सोसलेले सारे तो दाखवितो. बंदुकीने काय केले ते दाखवीत नाही. अर्धे सत्य इतक्या बारकाईने सांगितले जाते की तेच पूर्ण वाटू लागते. जुना तकतकीत शिपाई निदान खेळणे म्हणून ओळखू येत असे.

पुढच्या भेटीत मी त्याला नाईक यशवंत घाडगे ह्यांची हकीकत सांगितली. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे हे तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनपुढे त्यांच्या तुकडीतले बाकी सारे मेले किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी ती बंद पाडली, टॉमी गनने एकाला टिपले आणि मॅगझिन बदलण्यास सवड नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच प्रहारांनी ठार केले. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तेही पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात हे सारे नोंदलेले आहे. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरले आहे. संत बेनेडिक्टच्या ज्या मठावर त्याच वर्षी 15 फेब्रुवारीला बॉम्बवर्षाव झाला, त्या मठाच्या डोंगराखाली. ह्या शौर्यापुढे माझे मस्तक नमते. त्या दोघा जर्मनांची नावे मानपत्रात नाहीत.

शुभवर्तमानातही एक हत्यार आहे. प्रभूला पकडण्यास लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसली. ती लांब होती की आखूड, तिची मूठ कशाची होती, ह्याबद्दल एक अक्षर नाही. परंतु ती कुठे लागली हे लूक आणि योहान दोघेही सांगतात: महायाजकाच्या दासाच्या उजव्या कानाला. त्या दासाचे नावसुद्धा योहान देतो. प्रभूने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला, हे लूक सांगतो. तपशील तिथेही आहे, पण तो सारा जखमेच्या बाजूला.

हे मी त्या तरुणाला बोलून दाखविले. तो बराच वेळ हातातला कुंचला पुसत राहिला. मग म्हणाला, "फादर, मी घाडग्यांनाच करतो. बंदूक उलटी धरलेली. पण समोरचे ते दोघे करू का? केले तर आई कपाटात ठेवू देणार नाही."

"आईलाच विचार," मी म्हटले.

तो आता पुन्हा जहाजावर गेला आहे. अर्धवट राहिलेला शिपाई आईने खोक्यात न टाकता कपाटातच ठेवला आहे. बंदुकीला अजून रंग लागलेला नाही. खालची लाकडी बैठक मात्र तिघे मावतील एवढी लांब कापलेली आहे.