भिंतीमागची ओल



पूर्वीच्या एका धर्मग्रामात सेवा करताना आम्ही एका कुटुंबाच्या घराला आशीर्वाद देण्यासाठी गेलो होतो. फ्लॅट जुना, पण रंग ताजा होता. पवित्र पाणी शिंपडले, प्रार्थना केली, चहा घेतला. जुलैमध्ये पुन्हा जाणे झाले तेव्हा त्याच भिंतीला पोपडे सुटले होते आणि छतातून गंजलेली सळई दिसत होती. "घेण्यापूर्वी इंजिनिअरला दाखवले नव्हते का?" आम्ही विचारले. घरची बाई खालच्या आवाजात म्हणाली, "फादर, विकणारे आपल्यातलेच. त्यांच्यासमोर इंजिनिअर आणायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे नाही का होणार?"

तपासणी करणे म्हणजे अविश्वास दाखवणे का? आणि घेणाऱ्याने तपासले नाही, तर विकणारा मोकळा होतो का?

पहिल्या प्रश्नाला लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय उत्तर देतो. बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभू येशू सांगतो. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या घरात घालायचे, ते पाहून घेणे हे मुलाबाळांप्रती आपले कर्तव्य आहे. शिवाय विकणारा कितीही सच्चा असला, तरी स्लॅबच्या आतले त्यालाही दिसत नाही. तपासणी भिंतीची असते, माणसाची नव्हे. म्हणून सिव्हिल इंजिनिअरला घर दाखवावे, सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. तीस वर्षांवरील इमारतीला तर तो बंधनकारक आहे. भोगवटा प्रमाणपत्र आणि मालकीची कागदपत्रे वकिलाकडून पाहून घ्यावीत. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचे प्राण गेले. आपल्या परिसरात तरी हा विषय कुणी हलका मानू नये.

दुसरा प्रश्न फार जुना आहे. येशूजन्मापूर्वी रोमन विचारवंत सिसेरोने असेच उदाहरण घेतले होते. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्याने सांगावे की गप्प राहावे? एक बाजू म्हणते, घ्यायची सक्ती कुणी केली होती? दुसरी म्हणते, गप्प राहणे म्हणजे वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने पडला. संत थॉमस अक्वायनस यांनीही हेच शिकवले: उघड दिसणारा दोष सांगितलाच पाहिजे असे नाही, पण ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याला धोका पोहोचेल असा लपलेला दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. आपला कायदाही वेगळे सांगत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने उघड केला पाहिजे.

आता कुणी म्हणेल, "फादर, खरे सांगितले तर भाव दोन लाखांनी पडतो. आम्हालाही मुलीचे लग्न करायचे आहे." ही अडचण खोटी नाही. पण ते दोन लाख शेवटी कुणाच्या तरी खिशातून जाणारच असतात. आपण गप्प राहिलो, तर न विचारता ते दुसऱ्याच्या खिशातून काढून घेतो. पाणी कुठे झिरपते हे ठाऊक असताना त्यावर रंग मारणे म्हणजे तोंड न उघडता खोटे बोलणे आहे.

चूक आमचीही झाली. त्या दिवशी ताज्या रंगाचा वास आम्हालाही आला होता. त्या कुटुंबाला एका शब्दाने विचारावे, असे आम्हाला सुचले नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घर घेताना इंजिनिअर आणायला लाजू नका. विकताना कुणी इंजिनिअर आणला, तर रागावू नका. आणि त्याने विचारण्यापूर्वीच त्याला ओल आलेल्या भिंतीपाशी घेऊन जा. पुढल्या रविवारी मिस्सात त्याच माणसाला शांतीचा हात द्यायचा आहे.

प्रभू आपल्या घरांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू