वारशाचे वाटेकरी

परंपरानिष्ठ राजकारण आणि कलेतील सर्जनशील जीवन यांचे मुळातच जमत नाही, असा समज आधुनिक समीक्षेत इतका रुळला आहे की, तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. कलावंत स्वभावतः बंडखोर असतो आणि जुने जपणारा मनुष्य नवनिर्मितीला पारखा असतो, असे हे सोपे समीकरण आहे. परंपरानिष्ठ राजकारण म्हणजे येथे अशी भूमिका अभिप्रेत आहे की, जी समाजाकडे अनेक पिढ्यांच्या अनुभवातून घडलेली रचना म्हणून पाहते आणि ती रचना केवळ बुद्धीच्या जोरावर एका पिढीत बदलू पाहणाऱ्यांविषयी साशंक असते. या भूमिकेचा आद्य प्रवक्ता मानला जाणारा एडमंड बर्क १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडला. परंतु त्याच बर्कने १७५७ मध्ये उदात्त आणि सुंदर यांची मीमांसा करणारा ग्रंथ लिहून युरोपीय सौंदर्यविचाराला नवी दिशा दिली होती, हे समीकरण मांडणाऱ्यांच्या सहसा ध्यानात राहत नाही.

मराठीत या प्रश्नाचा विचार करायचा तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांना टाळून पुढे जाता येत नाही. सामाजिक सुधारणेच्या बाबतीत ते कट्टर स्थितिवादी होते. लोकहितवादींच्या ‘शतपत्रां’वर त्यांनी जी झोड उठवली, तिच्यातील कडवटपणा आजही वाचकाला जाणवतो. तरीही १८७४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या ‘निबंधमाले’ने मराठी गद्याला जे वळण दिले, ते त्यांच्या काळातील सुधारकांपैकी फारच थोड्यांना साधले. संस्कृत शास्त्र्यांच्या घरात वाढलेल्या या लेखकाने मेकॉले आणि जॉन्सन यांचे इंग्रजी गद्य पचवले, उपरोध, आवेश आणि लांब पल्ल्याची वाक्ये यांना मराठीत मुरवले आणि निबंध हा वाङ्मयप्रकार प्रतिष्ठित केला. १८७८ मध्ये निघालेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकातून जुन्या बखरी व काव्ये छापून काढण्याचा उद्योग त्यांनी काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साथीने आरंभला. त्यांच्याच चित्रशाळा छापखान्यातून देवदेवतांची आणि पेशवाईतील पुरुषांची शिळाछापाची रंगीत चित्रे घरोघरी गेली, तीही याच सुमारास. जुने जपायचे तर छापखाना, मासिक आणि रंगीत छपाई ही त्या काळची अगदी नवी साधने हाताशी धरावी लागतात, हे त्यांनी ओळखले होते. १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते वारले, हे लक्षात घेता या कामाचा आवाका विलक्षणच म्हणावा लागेल.

येथे वसाहतीच्या परिस्थितीने निर्माण केलेला एक पेचही ध्यानात घ्यावा लागतो. इंग्लंडात परंपरानिष्ठ मनुष्य राजसत्तेच्या बाजूचा असे. पुण्यात मात्र तो परक्या सत्तेच्या विरोधात उभा होता आणि सुधारकांपैकी अनेकांना त्याच सत्तेत ईश्वरी योजना दिसत होती. विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. जपणे आणि झुंजणे या दोन गोष्टी त्यांच्यापुरत्या एकच झाल्या होत्या आणि त्यांच्या गद्यातील तेज बऱ्याच अंशी त्या झुंजीतून आले आहे.

मग त्यांच्या राजकारणाने त्यांच्या लेखनाचे नुकसान केलेच नाही काय? केले, परंतु ते नेहमी सांगितले जाते त्या ठिकाणी नव्हे. महात्मा फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना विष्णुशास्त्र्यांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. वास्तविक ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात रचलेले आहे. एकाने शंका विचारावी आणि दुसऱ्याने तिचे निरसन करावे, ही संवादाची रीत मराठी धर्मवाङ्मयाला शतकानुशतके परिचित होती. त्याआधी १८६९ मध्ये फुल्यांनी शिवाजी महाराजांवर लिहिले ते पोवाड्यात, म्हणजे डफावर शाहिराने गाण्याच्या वीरगाथेच्या रूपात. आणि त्यांचे ‘अखंड’ उघडच अभंगाच्या वळणाचे आहेत. याचा अर्थ असा की, जुन्या मराठीचे साचे कोणी जिवंत वापरत असेल तर ते फुलेच होते. जुन्या काव्याच्या जतनासाठी झटणाऱ्या पंडिताला, ते जुनेपण शूद्रातिशूद्रांच्या बाजूने बोलू लागताच, ओळखू येईनासे झाले. मोरोपंतांच्या आर्येतील श्लेष टिपणारा कान इथे बहिरा झाला, तो रसिकतेच्या अभावामुळे नव्हे. वारसा कोणाचा, हे त्याने आधीच ठरवून टाकले होते म्हणून.

परंपरा आणि सर्जन यांतला खरा संघर्ष जुने विरुद्ध नवे असा क्वचितच असतो. वारशाचे वाटेकरी कोण, हा त्यातला कळीचा प्रश्न असतो. इंग्रजी कवी टी. एस. एलियटचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. परंपरा आयती मिळत नाही, ती कष्टाने मिळवावी लागते, असा सिद्धान्त त्याने १९१९ मध्ये मांडला; १९२२ च्या त्याच्या दीर्घकाव्याच्या अखेरीस बृहदारण्यक उपनिषदातील मेघगर्जना ऐकू येते, म्हणजे परंपरेचा परीघ त्याने युरोपाबाहेर नेला होता. १९२८ मध्ये त्याने स्वतःला राजनिष्ठ म्हणवून घेतले, त्यानेही त्याच्या कवितेचे काही बिघडले नाही. मात्र १९३३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे दिलेल्या व्याख्यानांत, एकजिनसी समाजाच्या हव्यासापायी, स्वतंत्र विचाराचे ज्यू फार संख्येने असणे अनिष्ट असल्याचे त्याने सांगितले. त्या व्याख्यानांचे पुस्तक त्याने पुढे कधी पुनर्मुद्रित होऊ दिले नाही.

याउलट उदाहरण संगीतकार सुधीर फडके यांचे. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, १९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात प्रत्यक्ष उतरलेले. राजकीय निष्ठा लपवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले ‘गीतरामायण’ ज्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, ते संघाच्या विचाराचे नव्हते. छप्पन्न गीतांच्या या मालिकेत फडक्यांनी रागसंगीताचा वारसा वापरला, पण चालीचे वर्चस्व शब्दावर होऊ दिले नाही. कविता ऐकणाऱ्याला पहिल्याच वेळी कळली पाहिजे, या शिस्तीने राग येथे सेवकाच्या भूमिकेत राहतो. या रामकथेत राजा आणि ऋषी यांच्याइतकीच शबरी स्वतःच्या तोंडाने बोलते, गुहकाचे नावाडी समूहाने गातात, आणि संगीतकार त्यांच्या वाट्याला हलकी चाल देत नाही. फडक्यांची निष्ठा येथे साधनेची शिस्त म्हणून आली आहे, मताचा प्रचार म्हणून नव्हे. रेडिओसमोर हार-उदबत्ती ठेवून ऐकणाऱ्यांप्रमाणेच, रामाविषयी कसलीच श्रद्धा नसलेल्यांनाही ही गीते आपली वाटली, याचे कारण हेच असावे.

याच फडक्यांनी अनेक वर्षे खटपट करून, लोकवर्गणीतून उभा केलेला ‘वीर सावरकर’ हा चित्रपट २००१ मध्ये पडद्यावर आला. त्या चिकाटीपुढे मान तुकवावीच लागते. पण चित्रपट चरित्रनायकाला वंदन करण्यासाठी बांधलेला आहे, त्यामुळे नायकाशी मतभेद असलेल्या प्रेक्षकाला त्यात बसायला जागा उरत नाही. माणूस तोच, निष्ठा तीच, आणि श्रमही तितकेच किंवा अधिक. फरक पडला तो वारशाचा दरवाजा किती उघडा ठेवला यात.

परंपरानिष्ठ कलावंताला त्याच्या मतांबद्दल जाब विचारत बसण्यात म्हणून फारसे हशील नाही. त्याने जपलेल्या ठेव्यात कोणाकोणाला वाटा दिला, याचा हिशेब मात्र समीक्षेने मागितला पाहिजे. आणि हा हिशेब पुरोगामी म्हणवणाऱ्या कलावंतांकडूनही त्याच काटेकोरपणे मागितला गेला पाहिजे.