दैव पाचवे

अमरकोशात पृथ्वीची जी नावे दिली आहेत त्यांत भू आणि भूमी यांच्या पाठोपाठ 'अचला' हे नाव येते, मग 'अनंता' आणि थोड्या अंतराने 'स्थिरा'. आणि ज्या अनंताच्या, म्हणजे शेषाच्या, मस्तकावर ही अचला टेकलेली आहे अशी आपली परंपरागत श्रद्धा, त्याच्याच नावाच्या चतुर्दशीला गणपती बोळवून थकूनभागून झोपी गेलेल्या किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांखाली ती अचला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, हलली. सरकारी गणनेप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. भाविकांना त्यात देवाचा कोप दिसला यात नवल नाही. परंतु ज्यांना आपण भाविक म्हणत नाही त्या शास्त्रवेत्त्यांनीही त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा मुलूख सर्वांत निर्धोक अशा पहिल्या विभागात घातलेला होता, म्हणजे कोशकार अमरसिंहाचे 'अचला' हे नाव त्यांनीही एका परीने ग्राह्यच धरले होते. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीकरांना धक्क्यांमागून धक्के बसले, तरी तो समज बदलला नाही.

एवढ्या मरणांचा हिशेब मांडायचा तो कोणाच्या खात्यावर? हा प्रश्न जुना आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूकंपाची कारणे सांगताना पूर्वाचार्यांची चार मते नोंदवली आहेत: कोणी म्हणतात समुद्रातील प्रचंड प्राण्यांमुळे, कोणी म्हणतात भाराने शिणलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून, कोणी म्हणतात वाऱ्यावर वारा आदळून खाली कोसळतो म्हणून, आणि कोणी म्हणतात हे सारे अदृष्टाचे, म्हणजे जनांच्या संचित धर्माधर्माचे, फळ. विसाव्या शतकातही हे चौथे मत जिवंत होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार हादरला तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पातकाची शिक्षा होय असे गांधीजींनी म्हटले, आणि रवींद्रनाथांनी, ज्यांच्या मनात गांधीजींविषयी अपार आदर होता, त्यांनी, त्याचा जाहीर प्रतिवाद केला. सृष्टीच्या भौतिक घटनांना नीतीच्या निवाड्याशी असे जोडून देणे त्यांना अविवेकाचे वाटले. गांधीजींच्या अंतःकरणाची तळमळ मान्य करूनही मी या वादात रवींद्रनाथांच्या बाजूला उभा राहतो. मात्र रवींद्रनाथांपाशी थांबूनही भागत नाही, कारण भूकंपाला नीती नसली तरी भिंतीला ती असते.

हे पहिल्याने स्वच्छ पाहिले ते, माझ्या समजुतीप्रमाणे, रूसोने. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, प्रार्थनामंदिरे गजबजलेली असताना लिस्बन शहर उद्ध्वस्त झाले आणि व्हॉल्तेरने ईश्वराच्या दयाळूपणालाच आव्हान देणारे काव्य लिहिले. त्याला पत्राने उत्तर देताना रूसोने आठवण करून दिली की सहा-सहा, सात-सात मजल्यांची वीस हजार घरे तेथे दाटीवाटीने उभी करण्याचे काम काही निसर्गाने केलेले नव्हते. ईश्वरावरची फिर्याद अशी वस्तुतः गवंड्याच्या आणि मालकाच्या दारात येऊन उभी राहिली.

आमच्या परंपरेत याच विचाराला लागणारा आधार गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. कोणतेही कर्म सिद्धीस जाते ते पाच कारणांनी, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा, आणि पाचवे दैव. पाचवे म्हणजे शेवटचे, पहिल्या चारांची झडती झाल्यावर उरणारे. आणि या यादीत अग्रभागी असलेला 'अधिष्ठान' हा शब्द, गीतेत देहाचा वाचक असला तरी, शिल्पशास्त्राच्या मानसारादी ग्रंथांत इमारतीच्या जोत्याला योजिलेला आहे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. जोते, बांधणारा, त्याची अवजारे व सामग्री, त्याचे श्रम, आणि मग दैव. आम्ही मात्र पंचनामा उलट्या टोकाने लिहावयास बसतो. पाचव्यापासून आरंभ करतो आणि बहुधा तेथेच लेखणी ठेवतो.

किल्लारीचा पंचनामा सरळ टोकाने लिहिला तर काय आढळते? लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांतील थोरामोठ्यांचे घर म्हणजे काळ्या दगडाचा वाडा: दोन-तीन फूट, कोठे त्याहूनही जाड भिंत, तिला बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पदर, मध्ये चिखलात कालवलेल्या लहान दगडांची भर, आणि वर सागवानी तुळयांवर फूट-दीड फूट मातीचे माळवद, ज्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर चढे आणि गळती थांबे, म्हणजे घर कोरडे ठेवण्याच्या गृहकृत्यदक्षतेनेच छप्पर वर्षानुवर्षे जड होत गेले. त्या वाड्याला मी नावे ठेवीत नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हात त्याच्या सोप्यात येणारा गारवा ज्याने अनुभवला आहे तो ठेवणारही नाही. उणे एकच होते: आतल्या पदराला बाहेरच्या पदराशी बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड त्या भिंतींत नव्हता. जमीन हलताच दोन्ही पदरांनी एकमेकांची साथ सोडली, बाहेरचा बाहेर गेला आणि आतला निजलेल्यांच्या अंगावर आला. ज्यांचे घर म्हणजे कुडाची झोपडी होती ते पुष्कळ ठिकाणी वाचले आणि वाड्यातले गेले. पूर्वपुण्याईचे गणित मांडणाऱ्यांनी या उलटापालटीचा जबाब अवश्य द्यावा.

आणखी एक गोष्ट तेथे गेलेल्या अभियंत्यांना दिसली. पुष्कळ वाड्यांत भिंती ढासळल्या तरी खणांचे लाकडी सांगाडे, खांब आणि तुळया, जागच्या जागी उभे होते. लाकूड लवले, म्हणून राहिले. या भूमीला लागूनच बसवकल्याण आहे, बाराव्या शतकातील बसवेश्वरांचे कल्याण, आणि स्थावरापेक्षा जंगमाला श्रेष्ठ मानण्याची त्यांची शिकवण लातूरच्या वीरशैव घरांत पिढ्यान्‌पिढ्या वागवली गेली आहे. बसवण्णांच्या मनात देवळे आणि भक्त होते, खांब आणि तुळया नव्हत्या, हे मी जाणतो; तरीही जे थोडे हलू शकते तेच टिकते या दृश्यापुढे उभे राहिल्यावर त्यांची आठवण होऊ नये, इतका मी शुष्क नाही.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. ते काम मोठे होते आणि ते झाले, हे प्रथम कबूल केले पाहिजे. पण त्या वसाहतींत घराचे आकारमान जमिनीच्या खातेउताऱ्यावरून ठरले, भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०, आणि अशा रीतीने ज्या उतरंडीला धरणीने एका पहाटे सपाट केले होते तिची दफ्तराने पुन्हा रुजुवात करून दिली. दुसरी चूक तत्त्वाची होती. दगड आणि माती यांना दोषी ठरवून लोकांनी आणि कंत्राटदारांनी सिमेंटला शरण जाण्याचे ठरवले. वस्तुतः गुन्हा सामग्रीचा नव्हता, सांधणीचा होता. आरपार दगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींना कवटाळणारा काँक्रीटचा सलग पट्टा, आणि माळवदावरचा भार हलका करणे, एवढ्याने तीच भिंत पुष्कळ अंशी सुधारते, आणि दुर्बल दगडी बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेने नेमके १९९३ सालीच या उपायांचे मानक प्रसिद्ध केलेले आहे. उलटपक्षी सिमेंट-लोखंड हे काही कवच नव्हे, हे २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाने दाखवले. केंद्रापासून शेकडो कोस नव्हे तरी पुष्कळ दूर असलेल्या अहमदाबादेत कोसळल्या त्या बहुमजली काँक्रीटच्या इमारतीच.

येथे वास्तुविशारदाचा धर्म उपस्थित होतो. मयमत या शिल्पग्रंथात स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी असे चार कारागीर सांगितले आहेत आणि स्थपतीवर सर्व शास्त्रांच्या जाणकारीचे ओझे घातले आहे. आजच्या स्थपतीला १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने एक बिरुद दिले. नोंदणी नसलेल्याने ते लावू नये. परंतु २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा कायदा नावाला संरक्षण देतो, कामाला नव्हे. आराखडे कोणीही करू शकतो. म्हणजे कायद्याने नाम राखले आणि कर्म मोकळे सोडले. व्यवसायबंधूंना हे बोचते. मला त्यात एक उपकार दिसतो, कारण नामाचे मोल कर्मानेच भरून काढण्याची वेळ आता त्यांच्यावर आली आहे. आमच्या तालुक्यांतून त्यांच्याकडे जायचे ते मंजुरीच्या नकाशावरील सहीपुरते, आणि बिदागीची घासाघीस करायची तीही त्या सहीसाठी.

खरी अडचण अशी की या विद्येचे फळ दिसत नाही. वैद्याने बरा केलेला रोगी चालत घरी जातो, वकिलाने जिंकलेला खटला निकालपत्रात वाचता येतो. पण जे घर पडले नाही त्यातील माणूस सकाळी उठून चहा घेतो आणि आपण वाचलो हे त्याला ठाऊकही नसते. मीमांसकांनी यज्ञाचे फळ तत्काळ दिसत नाही म्हणून 'अपूर्व' कल्पिले. स्थपतीचे पुण्य त्याच जातीचे आहे, आणि फळ दिसत नाही म्हणून त्याचे दाम द्यायला कोणी राजी नसतो. असे काम जो निष्ठेने करतो त्याला निष्काम कर्माचा उपदेश वेगळा करावा लागत नाही.

अलीकडे वास्तुविशारद 'शाश्वत बांधकाम' असा शब्द योजतात. शब्द मला खटकतो; गीतेने तो आत्म्याला दिला आहे, विटेला नव्हे. आशय मात्र रास्त आहे. जगाच्या कर्बवायूचा सुमारे आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटच्या पदरी येतो, आणि नांदेडची घरे ज्या वाळूने उठतात ती गोदावरीच्या पात्रातून उपसलेली असते. वराहमिहिराने वास्तुविद्येच्या अध्यायाला लागूनच 'दकार्गल' म्हणजे भूगर्भातील पाण्याचा अध्याय ठेवला आहे. हा शेजार आम्ही विसरलो, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आगगाडी लातूरच्या फलाटाला लागली. ज्या गच्च्यांवरचे पावसाचे पाणी गटारात सोडले जात होते, त्यांच्याच खाली लोक घागरी घेऊन वाट पाहत होते.

२००२ साली भूकंपाचा नकाशा सुधारला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. पहिला विभाग तर नकाशातून नाहीसाच झाला, म्हणजे अचला असे कोणतेही ठिकाण या देशात अधिकृतपणे उरले नाही. २०२४ च्या मार्चात आणि पुन्हा जुलैत हिंगोलीकडच्या धक्क्यांनी नांदेडकर घराबाहेर पळाले आणि थोड्या वेळाने परत आत गेले.

पावसाळा सरला की लातुरात आणि नांदेडात पुन्हा जोती भरली जातील. ज्यांच्या घरी मुहूर्त काढला असेल त्यांना एवढीच विनंती आहे की, स्वयंपाकघराची दिशा गुरुजींना विचाराल त्याच दिवशी बांधणाऱ्याला विचारा की दारांवरून जाणारा पट्टा चारही भिंतींना वेढून येतो, की कोपऱ्यावर तुटतो. त्याला सांगता आले नाही तर मुहूर्त पुढे ढकला.